माफ केलेल्यांची यादी

रविवार, २ फेब्रुवारी. सकाळी ११.४०
आजपासून नियमित लिहिणार. बाप्तिस्म्याच्या क्लासला नाव घातलं. सहा आठवडे शिकवणी, १६ मार्चला बाप्तिस्मा. क्लासमध्ये आम्ही चौघे. बाकीच्या तिघांनी वहीसुद्धा आणली नव्हती. पाळकसाहेबांनी शिकवलं की तारण कमावता येत नाही. देव ते कृपेने देतो, लायकी न बघता. त्या तिघांची चांगलीच सोय झाली. मी मात्र तयारी करूनच जाणार.

सोमवार, ३ फेब्रुवारी
आत्मिक वाढीचा तक्ता केला. प्रेम, आनंद, शांती असे नऊ रकाने, प्रत्येकी दहा गुण. सौम्यता नऊ. दहाच होते, पण गर्व नको म्हणून एक कापला. सहनशीलता दोन. प्रार्थनेच्या वेळी ताईचं शिलाई मशीन चालू होतं. (हे गुण खरं तर तिचे कापायला हवेत.) आई गेल्यापासून ताईच घर बघते, माझा डबा, इस्त्री सगळं. मी तिच्यासाठी रोज प्रार्थना करतो. याहून जास्त भाऊ काय करणार?

रविवार, ९ फेब्रुवारी. दुपार
पाळकसाहेबांनी घरी करायला काम दिलं. आपण ज्यांचं वाईट केलं त्यांच्याकडे जायचं आणि तोंडाने माफी मागायची. कागदाच्या मध्ये रेघ मारली. डावीकडे लिहिलं, ‘मी ज्यांचं वाईट केलं.’ दीड तास बसलो. डावी बाजू कोरी. उजवीकडे ‘ज्यांनी माझं वाईट केलं’. ती आपोआप भरत गेली, कागद उलटावा लागला. एकूण तेवीस. जे आहे ते आहे, उगाच नावं कुठून आणू? मागायला कोणी नाही, तर निदान माफी द्यायला सुरुवात करतो. देव तरी कुणाकडे मागतो? तो देतोच.

मंगळवार, ११ फेब्रुवारी
नंबर एक: कामावरचा जोडीदार. आम्ही रबरी शिक्के करतो. अक्षरं उलटी जुळवावी लागतात. माझी शाळा आठवीत सुटली, पण माझ्या शिक्क्यात आजवर एक चूक नाही. म्हणून तो मला ‘गुरुजी’ म्हणतो. आज त्याला माफ केलं. कशाबद्दल म्हणाला. तारखा सांगितल्या. इतका हसला की बाहीला शाई लागली. म्हणाला, गुरुजी, अजून किती शिल्लक आहे? एकदमच उरकून टाका.

शनिवार, १५ फेब्रुवारी
नंबर दोन ते सात झाले. शेजारच्या मावशींना जिन्यात ओलं फडकं वाळत घालण्याबद्दल माफ केलं. आता त्या फडक्याशेजारी बादलीही ठेवतात. मालकांना माफ केलं, त्यांनी मला दोन दिवस घरी बसायला सांगितलं. सातपैकी एकानेही आभार मानले नाहीत. जग कठीण आहे.

गुरुवार, २० फेब्रुवारी
आता नंबर आठ: घड्याळं दुरुस्त करणारा. हे अवघड आहे. गेल्या वर्षी तो दर रविवारी उपासनेनंतर ताईसाठी घरी यायचा. लग्न ठरल्यासारखंच होतं. एक दिवस यायचाच बंद झाला. ताई महिनाभर कुणाशी बोलली नाही. त्या महिन्यात माझा डबा दोनदा चुकला. असल्या माणसालाही माफ करायचं म्हणजे खरी कसोटी.
(त्याआधी मी त्याला भेटलो होतो, हे खरं. ताईला झटके येतात, एवढं कानावर घातलं होतं. त्यात खोटं काही नाही. तेवढ्यावरून तो फिरला, तर विश्वास त्याचा कच्चा.)

शनिवार, २२ फेब्रुवारी. सायंकाळी ६.१५
त्याच्या दुकानात गेलो. भिंग डोळ्याला लावून बसला होता. ताईला सोडल्याबद्दल माफ करतो म्हटलं. त्याने आधी विचारलं, तिचे झटके आता कसे आहेत. मी मोकळेपणाने सांगितलं की आता कसले, ते लहानपणी. त्याने भिंग काढलं.
“किती लहानपणी?”
“सहा वर्षांची होती. ताप होता, एकशे चार.”
“आणि त्यानंतर?”
“त्यानंतर कधीच नाही.”
ते खणात ठेवलं. मग म्हणाला, माझी आई अशाच झटक्यांनी गेली, हे मीच तुम्हाला सांगितलं होतं. सांगितलं असेल. मी सगळं लक्षात ठेवत नाही. आणि दुकान तसंच उघडं टाकून तो माझ्याआधी बाहेर पडला.

रविवार, २३ फेब्रुवारी
तो काल आमच्याकडेच आला होता. आजही आला. ताई आणि तो स्वयंपाकघरात बसून होते. मी दोनदा पाणी प्यायला गेलो. दोन्ही वेळा बोलणं थांबलं. ताईने मला काहीही विचारलं नाही. विचारलं असतं तर नीट समजावलं असतं.

रविवार, २ मार्च
क्लासला गेलो नाही. पोट बिघडलं होतं. संध्याकाळी पाळकसाहेबांनी बोलावून घेतलं. कुणीतरी कान भरलेले दिसतात. मी म्हटलं, मी खरं तेच बोललो, फक्त वय सांगायचं राहिलं. ते म्हणाले, आधी बहिणीकडे जा. उद्या नक्की जातो.

शुक्रवार, ७ मार्च
सोमवारी ताईचं मशीन चालू होतं. मंगळवारी ती दमलेली दिसली. बुधवारी मजकूर तयार केला, पण ‘माफ कर’पुढे कारण लिहावं लागतं, ते बसेना. काल तो आला होता. आज माझा घसा बसलाय.

शुक्रवार, १४ मार्च. दुपारी २.२०
दोघांनी साधंसं लग्न केलं. मला बोलावलं नाही. ताई बॅग घ्यायला आली. दारात उभी राहून म्हणाली, “राग घेऊन मला नव्या घरात जायचं नाही. तुला मी माफ केलंय.”
मी विचारलं, कशाबद्दल? ती बॅग उचलून जिना उतरली.
अंगाचा तिळपापड झाला. कुणी मागितली होती माफी? न मागता माफ करायचं म्हणजे समोरच्याला सरळ गुन्हेगार ठरवायचं. माणसांना एवढंही कळू नये?

रविवार, १६ मार्च
उपासनेआधी पाळकसाहेबांना विचारलं, न मागता मिळालेली माफी नाकारता येते का? म्हणाले, “येते. माणसं जन्मभर तेच करतात.” ऐकून बरं वाटलं. मग म्हणाले, तू थोडं थांबावंस. मी तक्ता दाखवला. त्यांनी पाहिला आणि घडी घालून परत दिला.
त्या तिघांचा बाप्तिस्मा झाला. टॉवेल मी धरले.

बुधवार, १९ मार्च. सकाळी ८.०५
ताईला पत्र लिहिलं: ‘दिनांक १४ रोजी तू दिलेली माफी मला मान्य नाही, सबब परत करत आहे.’ तीनदा तपासलं. एकही चूक नाही. पत्ता मात्र माहीत नाही. शेजारच्या मावशींना विचारला. म्हणाल्या, माहीत आहे, पण देऊ नका म्हणून सांगून गेलीय. माफही करायचं आणि पत्ताही लपवायचा!
निरोप तरी पोचवाल का, म्हटलं. “पोचवते की. सांग, काय सांगू?”
मावशी दारात थांबल्या होत्या. मी जिन्यात उभा. पत्र खिशात होतं. घसाही ठीक होता.
शेवटी म्हटलं, इस्त्री किती वेळ तापू द्यायची, ते विचारा.