थंड लोखंडावरचा ठसा

मी, वरच्या गल्लीतला लोहार, वय शहात्तर, डोके ठिकाणावर असताना, दुसऱ्या कोणाच्या धाकाने नव्हे तर स्वतःच्याच भीतीने हे मृत्युपत्र लिहीत आहे. यापूर्वी कधी केले नाही. दोन पाने फाडून झाली आहेत. अक्षराला हसू नये.

१. राहते घर मुलाला. मागचे छत गळते हे त्याला सहा वर्षे सांगतो आहे. आता त्याच्याच डोक्यावर गळेल.

२. ऐरण, भाता, घण, सांडश्या मुलीला. जावईबापू हे सगळे भंगारात घालायला टपले आहेत. त्यांनी आधी ऐरण एकट्याने उचलून दाखवावी.

३. भट्टीमागच्या कोनाड्यात, तेलकट फडक्यात, बिनदांड्याचे कुऱ्हाडीचे पाते आहे. ते खालच्या गल्लीतल्या लोहाराच्या मुलीला, म्हणजे शिवणकाम करणाऱ्या बाईंना द्यावे. हे वाचून मुलगा कागद जाळेल अशी धास्ती वाटते, म्हणून एक प्रत आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांकडे राहील.

पात्यावर चंद्रकोर आणि टिंब आहे. तो ठसा बाईंच्या वडिलांचा. पाते मात्र आमचे. त्यांच्या कुऱ्हाडी हातोहात खपत, आमच्या गंजत. म्हणून माझ्या वडिलांनी तसाच ठसा बनवला आणि तयार पाती माझ्यापुढे टाकली. मी एकोणीस वर्षांचा होतो. ठसा पाते लाल असताना मारायचा असतो. पुन्हा भट्टी पेटवायचा कंटाळा आला, म्हणून मी तो थंड पात्यांवरच हाणला. या पात्याला ठशाभोवती केसाएवढी चीर गेली.

पुढच्याच महिन्यात लाकूडवखारीच्या राखणदाराचा खून झाला आणि विहिरीतून हे पाते निघाले. कोणी मारले, मला आजही ठाऊक नाही. बाईंच्या वडिलांचे त्या राखणदाराशी वाकडे होते. न्यायालयात ते म्हणाले, "हे माझं काम नाही. मी ठसा गरम लोखंडावर मारतो. हा थंडावर मारलाय, चीर बघा." जाणकार म्हणून माझ्या वडिलांना बोलावले. त्यांनी सांगितले, "ठसा तो ठसा. गरम काय नि थंड काय." स्वतःचा ठसा नाकारतो तो खोटारडाच, असे ठरले. सात वर्षे बाईंचे वडील तुरुंगात होते. खोकत सुटले आणि वर्षभरात वारले.

मी मागच्या बाकावर बसलो होतो. तोंड उघडले असते तर माझे वडील आत गेले असते, कदाचित मीही.

पुढे जप्तीच्या मालाचा लिलाव झाला तेव्हा पाते मीच घेतले, दुसऱ्या लोहाराच्या हाती पडू नये म्हणून. तेव्हापासून दारावर थाप पडली की आधी कोनाड्याकडे बघतो.

गेल्या महिन्यात थाप पडली, ती बाईंचीच. "बाबांच्या हातची एखादी कुऱ्हाड आहे का हो तुमच्याकडे? घरात त्यांचं काहीच उरलं नाही." मी नाही म्हणालो. ते खरेच होते. त्यानंतर हा कागद लिहायला घेतला.

'हे कलम माझ्या मृत्यूनंतर अमलात यावे' असे लिहून मी कागद साक्षीसाठी डॉक्टरांपुढे ठेवला. त्यांनी वाचून पेन बाजूला ठेवले.

"काका, बाई तुमच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठ्या आहेत. तुम्ही आधी जाल हे कोणी सांगितलं?"

मी विचारले, "मुलगा काय म्हणेल?"

"ते त्याला विचारा. मी सही कशावर करू, तेवढं सांगा."

सबब 'माझ्या मृत्यूनंतर' हे शब्द मी स्वहस्ते खोडले आहेत. डॉक्टर गाडी काढत आहेत. पाते माझ्या मांडीवर आहे.

सही करण्यापूर्वीची नोंद: कलम तीन बाईंनी दोनदा वाचायला लावले. मग पाते खिडकीपाशी नेऊन चिरेवरून बोट फिरवले आणि म्हणाल्या, "मी आईलासुद्धा सांगितलं होतं, बाबा कोर्टात खोटं बोलले." माफीचे विचारायला मला धीर झाला नाही.

लिहून देणार: वरच्या गल्लीतला लोहार (सही)
साक्षीदार: १. डॉक्टर (सही) २. बाईंचे शेजारी, निवृत्त पोस्टमन (सही)
ठिकाण: खालची गल्ली, बाईंची शिवणकामाची खोली
दिनांक: अकरा, मंगळवार, दुपारी