घोरणं नव्हे, जोराचा श्वास

८ जून
सुधा आजपासून हॉलमध्ये झोपणार. कारण म्हणे माझं घोरणं. मी घोरत नाही. थकलेला माणूस जोरात श्वास घेतो, आणि ऑफिसातला मार्च-एंडचा थकवा जूनपर्यंत टिकतो. पण तिचं बीपी वाढलंय, डॉक्टरांनी तिला पुरेशी झोप घ्यायला सांगितलंय. म्हणून सहकार्य करतोय. महिन्याभरात विषय संपवणार.

९ जून
लेकीने, म्हणजे ओवीने, मोबाइलवर रेकॉर्डिंग ऐकवलं. मी सांगितलं, हा ट्रकचा आवाज आहे. द्वारका चौकाजवळ, हायवेला लागून राहतो आपण, ट्रक रात्रभर चालूच असतात. मध्ये ट्रक बंद पडतो, मग एकदम स्टार्ट होतो, हेही दाखवून दिलं. ती म्हणाली, "बाबा, तो ट्रक तुम्ही आहात."
आजकालच्या मुलांना निरीक्षण नाही.

१२ जून
शेजारच्या रविराजने उपाय सांगितला. झोपताना नाकात साजूक तुपाचे दोन थेंब. घातले. जरा जास्त पडलं. सुधाने सकाळी मुकाट्याने अभ्रा भिजत टाकला. फरक नाही, असं ओवीचं मत. तूप गाईचं नव्हतं, हे खरं कारण.

१५ जून
वजन कमी करायचं. रात्री एकच भाकरी. मिसळ फक्त रविवारी. संध्याकाळी चालणं, कडक. पाऊस असल्याने उद्यापासून.

१६ जून
पाऊस.

१७ जून
पाऊस नव्हता, पण येईलसं वाटत होतं.

२१ जून
बनियनच्या पाठीला खिसा, खिशात टेनिस बॉल. उताणं झोपलं की टोचतो, माणूस आपोआप कुशीवर वळतो. शास्त्रीय उपाय. खिसा सुधानेच शिवून दिला.

२२ जून
पाठ धरली. रात्रभर बॉलवरच उताणा झोपलो होतो म्हणे. म्हणजे झोप किती गाढ आहे बघा. तब्येत उत्तम असल्याचं लक्षण.

७ जुलै
शेवटी नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. त्यांनी रात्रभराची तपासणी करायला लावली. आज रिपोर्ट. झोपेत माझा श्वास मधूनमधून बंद पडतो म्हणे. डॉक्टर म्हणाले, वेणीमाधवराव, वजन उतरवा, कुशीवर झोपा आणि रात्री मशीन लावा. नाकावर मास्क, त्यातून हवा. मी स्पष्ट सांगितलं, मशीन पेशंटला लावतात. अंगभर वायरी चिकटवल्यावर कुणाचा श्वास नीट चालेल?
रिक्षात सुधा रिपोर्टची पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली होती.

१० जुलै
मूळ कारण मन. इगतपुरीला दहा दिवसांचं मौन शिबिर आहे. जागा मिळाली. मशीनचा विषय बंद.

२४ जुलै
परतलो. पूर्ण बरा. खोलीत आम्ही चौघं होतो आणि दहा दिवसांत एकानेही माझी तक्रार केली नाही. ओवी म्हणाली, बाबा, तिथे बोलायचंच नसतं. काहीतरी खुसपट काढायचं झालं.
शेवटी मौन सुटलं तेव्हा गप्पा होतील असं वाटलं होतं. पण तिघंही माझ्याकडे न बघता निघून गेले. गाडीची घाई असावी.
सुधाला हॉलमधून परत बोलावलं.

२५ जुलै
सकाळी सुधाचे डोळे लाल. मी म्हटलं, एवढा आवाज होत होता तर उठवायचं मला.
ती म्हणाली, "आवाजाने नाही हो जात झोप. आवाज थांबला की जाते. पुढचा श्वास येईपर्यंत तुमच्या छातीवर हात ठेवून बसते मी."
मग हॉलमध्ये तरी झोपायचंस, मी म्हटलं.
"तिथेही जागीच असायचे. तिथून फक्त हात पोचत नाही."
चहा गार झाला. आज काही ठराव नाही.

२ ऑगस्ट
मशीन आणलं. सुधासाठी. मला गरज नाही. मास्क लावून बोलायला गेलो तर तोंडातून नुसती हवा. ओवी हसली नाही. हसली असती तर बरं वाटलं असतं.

३ ऑगस्ट
काल मास्क लावून आडवा झालो. सुधाने नेहमीसारखा छातीवर हात ठेवला. थोड्या वेळाने तो सैल पडला. माझ्याआधी झोपली.
जाग आली तेव्हा लख्ख उजाडलं होतं. दूधवाला बेल वाजवून गेला असणार. सुधा अजून झोपेत, तोंड किंचित उघडं. तिला अशी झोपलेली बघून किती वर्षं झाली, आठवेना. बघत बसलो.
मग नाकाला हात लावला. मास्क नव्हता. पलंगाखाली सापडला, मशीन आपलं जमिनीला हवा देतंय. कधी काढला, देव जाणे.
मशीन बंद केलं, मास्क पुसून जागेवर ठेवला. तेवढ्यात ती उठली. विचारलं, घोरलो का गं मी?
म्हणाली, "काय माहीत. मला मेलीला झोप लागली. चांगलं आहे हो मशीन."
मी हो म्हटलं.