तोड्याची रिकामी सीट

शेवगाव,
रविवार दुपार

प्रिय इम्मू,

आधी चांगली बातमी सांगते, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. पुण्याच्या त्या खेळ छापणाऱ्या लोकांचा होकार आला. आपला टेबलावरचा खेळ आता खोक्यात घालून दुकानात विकायला ठेवणार आहेत. त्यांची एकच अट आहे. झाकणावर एकच यंत्रमानव हवा, आणि तो असा की एकदा पाहिला की पुन्हा कुठेही दिसला तरी हा खेळ आठवला पाहिजे. कोणता ते उद्यापर्यंत कळवायचं आहे. तू असतास तर दहा मिनिटांत भांडून ठरवलं असतं. तुझ्यावाचून आम्हाला अख्खी दुपार लागली.

मागच्या रविवारी चर्चहून आल्यावर पुढच्या खोलीत दोन टेबलं जोडली. खराट्याच्या काड्यांचा ऊस उभा केला, बाटल्यांच्या झाकणांच्या विहिरी मांडल्या आणि तू केलेले सगळे यंत्रमानव, आपले राक्षस, रांगेत ठेवले. मच्छिंद्र गॅरेज बंद करून आला होता, सोबत त्याची इंजिनिअरिंगवाली पुतणी संस्कृती. तो यारीवर अडून बसला. विहिरीतला दगड वर ओढणारी यारी आणि तिचा लांब हात हीच आपल्या भागाची खूण, असं त्याचं म्हणणं. तिच्या खांद्यात त्याच्या गॅरेजचं बेअरिंग आहे, हे खरं कारण. संस्कृतीला बोअर पाडणारा बोअरवाला हवा होता, कारण तो सगळ्यात उंच. मी दोघांचं ऐकून घेतलं आणि नाताळाच्या आधी तू काष्टीहून एसटीच्या पार्सलने पाठवलेला नवा तोड्या टेबलावर ठेवला. मग कोणी वादच घातला नाही.

खरंच सांगते, असा तू आजवर केला नव्हतास. जुना तोड्या गमतीचा होता, चेहऱ्याच्या जागी ढेबरी टाकी. हा तर तू चालवतोस त्या ऊसतोडणी मशीनची हुबेहूब नक्कल. पुढे पिळाच्या दोन सोंडा, त्यांच्यामागे खाली फिरणारी पाती, वर काचेची केबिन. टेबलाच्या कोणत्याही बाजूला बसलं तरी तो आपल्याकडेच निघालाय असं वाटतं. आई चहा घेऊन आली आणि म्हणाली, "हे तोंड तिकडं फिरवून ठेव गं, नजर लावून बसलंय नुसतं." आम्ही हसलो. पण नंतर मीही ते फिरवूनच ठेवलं.

आणि तू सोबत कळवलेला तो नवा नियम! आधी उसाची मोळी अडकली की तोड्या एक डाव थांबायचा. आता तो थांबत नाही. सरीत शिरला की सरी संपेपर्यंत चालतच राहतो, आणि अडकलेला ऊस आतला माणूस उतरून हाताने काढतो. फासा टाकायचा, एक पडला तर माणूस गेला. त्या दिवशी संस्कृतीने दोनदा टाकला आणि दोन्ही वेळा एकच पडला. "लई भारी नियम हाय ताई, अंगावर काटाच येतोय," म्हणून तिने टाळी दिली. मीही दिली. सोंगटी उचलून डब्यात टाकली आणि पुढचा डाव सुरू.

केबिनमध्ये ऑपरेटर नव्हता. तू तर प्रत्येक राक्षसात आगपेटीच्या काडीचा एक माणूस बसवतोसच, म्हणून पार्सलमध्ये पडला असेल असं मच्छिंद्र म्हणाला. रिकाम्या सीटभोवती तांब्याची केसासारखी तार गुंडाळलेली होती. तो सीटबेल्ट असणार असं आम्हीच ठरवून टाकलं. किती बारीक काम करतो पोरगा, म्हणून तुझं कौतुकही झालं.

इम्मू, तू बोलका कधीच नव्हतास. आठवीत त्या सरांनी तुला मारलं तेव्हा घरी एक अक्षर बोलला नाहीस. शाडूचे सर केलेस, आणि त्यांचा एक हात अंगापेक्षा मोठा केलास. पप्पांनी तो हात पाहिला आणि दुसऱ्या दिवशी शाळेत गेले. हे मला या आठवड्यात का आठवलं नाही, कोण जाणे. तू पहिल्यांदाच नाताळाला आला नाहीस. तुझ्या वाटणीच्या करंज्या आईने अजून डब्यात ठेवल्यात, कोणाला हात लावू देत नाही. फोन केला की तुझा फोन स्पीकरवर, बाजूला मशीनमालकाचा माणूस, आणि तुझं एकच उत्तर, "बरंय ताई, काम जोरात हाय." तू पाठवलेल्या फोटोत तुझ्या उजव्या हाताला फडकं होतं. विचारलं तर म्हणालास, पत्रा लागला. मी मान्य केलं.

आज सकाळी झाकणाच्या फोटोसाठी तोड्या रंगवायला घेतला. खिडकीत उजेडाला बसले. बाहेरून झाल्यावर पात्यांच्या मागची पोकळी काळी करायची होती, म्हणून त्याला उलटा धरला आणि सगळ्यात बारीक ब्रश आत घातला. तो कशाला तरी अडला. आत पाहिलं तर दोन पाय होते. काडीचे, तुझ्या हातचे, बुटांसकट. कमरेपासून वरचा माणूस पात्यांच्या आत होता.

मी मच्छिंद्रला बोलावलं. त्याने आधी पाय पाहिले, मग सीटवरची ती तार बोटाने चाचपली. "ताई, ह्यो सीटबेल्ट न्हाई. मानूस सीटवरून उठला की पाती आपुआप थांबत्यात. ती थांबू नयेत म्हनून सीटखालचा स्विच तारेनं बांधून टाकल्याला हाय. लोळल्याला ऊस घडीघडी अडकतोय ना, मालकाला खोळंबा नको आसंल." मग त्या पायांकडे बोट करून म्हणाला, "मानूस आत, पाती चालू, आन् केबिनमधी कुनीच न्हाई. बंद कोन करनार?"

मला भीती वाटतेय, इम्मू. अशी भीती मला पप्पांच्या दुखण्यातही वाटली नव्हती. मालकाला काय वाटेल, हंगाम अर्ध्यावर सोडला तर पुढच्या वर्षी कोण बोलावेल, हे तुझ्या डोक्यात चालू असेल. असू दे. आईला मी अजून काही सांगितलेलं नाही. ती आत करंज्यांचा डबा पुसतेय.

तुला हे फोनवर सांगता येत नव्हतं, म्हणून तू करून पाठवलंस. मलाही फोनवर बोलता येत नाही, म्हणून लिहितेय. हे पत्र मच्छिंद्र मोटारसायकलवर घेऊन निघतोय, आणि तू वाचत असशील तेव्हा तो तुझ्यासमोर उभा असेल. मालकाशी तो बोलेल, त्याची चिंता तू करू नकोस. झाकणावर तोड्याच जाणार, त्याच्यासारखा दुसरा नाही. पण त्याच्या पोटातला माणूस मी चिमट्याने बाहेर काढलाय आणि केबिनमध्ये नीट बसवलाय. सीटवरची तार सोडवून या पाकिटात घातलीय. आता पुढचं वाचायला काही नाही. मशीन चालू असेल तर आधी ते बंद कर, किल्ली मच्छिंद्रच्या हातात दे, आणि तुझ्या सीटखालची तार माझ्याकडे पाठव.

वाट पाहणारी, तुझीच,
प्रार्थनाताई