अध्यक्ष, नैसर्गिक दफन समिती

४ फेब्रुवारी
काल बायकोला हॉस्पिटलमधून घरी आणलं. डॉक्टर म्हणाले, आता घरीच राहू द्या. म्हणजे सुधारणा आहे. सुधारणा नसती तर सोडलं असतं का?

संध्याकाळी हिने एक विषय काढला. म्हणाली, अहो, मला पेटी नको. वर सिमेंटचा कट्टा नको, संगमरवर तर नकोच नको. साध्या सुती चादरीत गुंडाळा, मातीत ठेवा आणि वर एखादं झाड लावा. हिने बियाणं तपासणीच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काढली, शंभर बियांतल्या किती उगवतात ते मोजत. डोक्यात असलं काहीतरी येणारच. मी म्हटलं, हा विषय आत्ता कशाला?

पण तत्त्व म्हणून कल्पना उत्तम. लाकूड वाचतं, सिमेंट वाचतं. हा घरगुती प्रश्नच नव्हे, सार्वजनिक आहे. संकल्प: तीन महिन्यांत शहरात नैसर्गिक दफनाची रीतसर सोय. समिती आजच स्थापन. अध्यक्ष मी. बाकी सदस्य यथावकाश.

९ फेब्रुवारी
दफनभूमीच्या ऑफिसात गेलो. कारकून माणूस चांगला, पण दूरदृष्टी शून्य. फॉर्मवर 'पेटीचा आकार' असा रकाना. म्हटलं, पेटीच नाही. तो म्हणाला, मग आडवी रेघ मारा. रेघ मारा! पाणीपुरवठा खात्यात चौतीस वर्षं नकाशे काढले मी; एक रकाना मोकळा सोडला नाही. म्हटलं, आधी फॉर्म बदला. त्याने विचारलं, कोणासाठी हवंय? म्हटलं, समाजासाठी. म्हणाला, समाजासाठी आमच्याकडे फॉर्म नाही.

सविस्तर निवेदन तयार करणार. सोबत नकाशा, भूजल पातळी, परिशिष्टं.

१० फेब्रुवारी
नकाशाला सुरुवात. ही दुपारी म्हणाली, जरा बसा ना इथे. म्हटलं, तुझ्याच कामात आहे. लगेच दुरुस्ती केली: समाजाच्या कामात. ही हसली. हसतेय म्हणजे तब्येत वर येतेय.

१७ फेब्रुवारी
वाचनालयाच्या खोलीत जाहीर सभा. खुर्च्या चाळीस. उपस्थिती चार. पैकी एक मी. दुसरे शेजारचे कॅप्टन, त्यांना एका कानाने कमी ऐकू येतं आणि ते नेमका तोच कान माझ्याकडे करून बसले. उरलेल्या दोन बहिणी लिफ्टच्या दुरुस्तीची सभा समजून आल्या होत्या. तरी शेवटपर्यंत थांबल्या. धाकटीने विचारलं, झाड कुठलंही चालतं का? जागृती होतेय.

घरी येऊन हिला सविस्तर वृत्तांत दिला. मध्येच झोपली. विश्रांती महत्त्वाची.

२५ फेब्रुवारी
पेट्या बनवणाऱ्या सुताराकडे गेलो. म्हटलं हा विरोध करणार, तयारीनिशी गेलो होतो. पण त्याने रंधा बाजूला ठेवला, स्टूल पुढे केलं. म्हणाला, चादरीतून उचलताना हात घसरतात, खाली वेताची ताटी घ्या, तीही मातीत विरते. मी विणून देतो. उंची सांगा. म्हटलं, सर्वसाधारण माणसाची. म्हणाला, म्हणजे किती? म्हटलं, पाच फूट एक इंच.

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि पाटीवर लिहून घेतलं. उंची विचारायची पद्धत मला आवडली नाही.

घरी येताना डोळ्यांत भुसा गेला होता. बराच वेळ.

३ मार्च
मुलगी आली. महिन्याची रजा काढून. बहुधा ऑफिसात काही बिनसलं असावं, तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आल्या आल्या पलंगाची दिशा बदलली, हिला खिडकी दिसावी म्हणून. माझा ड्रॉइंग बोर्ड बाहेरच्या खोलीत गेला. हरकत नाही. उजेड बरा आहे.

आता नर्स एक दिवसाआड येते. नवीन औषध दुखणं थांबवायचं आहे. दुखणं थांबलं की भूक लागेल, भूक लागली की वजन वाढेल. सोपा हिशोब. वजन अडतीस किलो. ही म्हणते, मातीला फार मेहनत नाही पडणार. असले विनोद मला चालत नाहीत.

११ मार्च
ही म्हणाली, ती जागा एकदा बघायची आहे, नेता का? म्हटलं, अवश्य. पण परवानगी हातात येऊ दे, नकाशावर शिक्का बसू दे. मग गाडी करून थाटात जाऊ. अर्धवट काम दाखवायचं मला पटत नाही. मुलगी म्हणाली, बाबा, पुढच्या आठवड्यात तिला बसता तरी येईल का? म्हटलं, तू निराशावादी आहेस. लहानपणापासून.

परिशिष्ट 'क' पूर्ण.

१४ मार्च
मी निवेदनाच्या झेरॉक्स काढायला गेलो आणि तेवढ्यात मुलगी हिला टॅक्सीत घालून दफनभूमीत घेऊन गेली. मला न सांगता! म्हणे, भिंतीकडच्या मोकळ्या कोपऱ्यात ही जमिनीवरच बसली, मूठभर माती चोळून पाहिली, निचरा चांगला आहे म्हणाली. तिथला खणणारा माणूस पूर्वीचा माळी निघाला, दोघांचं अर्धा तास मुळांवर बोलणं चाललं होतं.

मला राग आला. अध्यक्षाशिवाय स्थळपाहणी होत नसते. हिच्या नखांत अजून माती होती. मुलगी धुवायला गेली तर ही नको म्हणाली.

२० मार्च
ही फारशी बोलत नाही. औषधाची गुंगी. नर्स मुलीशी दाराआड बोलते. बायकांचं काहीतरी.

दुपारी पाणी द्यायला गेलो तर माझं मनगट धरलं. म्हणाली, तुमचं ठीक चाललंय ना? म्हटलं, माझं काय, मी ठणठणीत. म्हणाली, तसं नव्हे. थोडा वेळ तसाच उभा राहिलो. मग आठवलं की निवेदनावर सही राहिलीय.

सही आधीच केलेली होती.

२५ मार्च
उद्या सकाळी अकराला दुसरी सभा. या वेळी पत्रकं वाटली आहेत. निदान तीस माणसं. सभेचा ठराव जोडला की ऑफिसला नाही म्हणता येणार नाही. मुलगी म्हणाली, उद्या नका जाऊ. म्हटलं, तीस माणसांना काय सांगू?

२६ मार्च, सकाळी ११.१०
वाचनालय. अजून कोणी नाही. लोक उशिराच येतात.

११.२५
कॅप्टन आले. चष्मा इथे विसरले होते, तो घेऊन गेले.

११.४०
अजून दहा मिनिटं बघतो.

२७ मार्च

३१ मार्च
लिहून ठेवतो.

ती अकरा वाजून वीस मिनिटांनी गेली. मुलीने सात वेळा फोन केला. सभेचा अध्यक्ष म्हणून मी फोन बंद ठेवला होता. बाराला घरी पोचलो, हातात हजेरीचा कागद. मुलगी म्हणाली, तिने दोनदा विचारलं, आले का?

मी म्हटलं, परवानगी. आता कसं? निवेदन तर अजून दिलेलंच नाही. मुलीने कपाटातून पाकीट काढून दिलं. आत परवानगी होती. चौदा तारखेची. त्या दिवशी टॅक्सीतून उतरल्यावर बायकोने आधी ऑफिसात जाऊन स्वतःचा फॉर्म स्वतः भरला होता. कारकुनाने शिक्का मारला. दहा मिनिटं लागली.

म्हटलं, मला का नाही सांगितलंत? मुलगी म्हणाली, आईनेच सांगू नको म्हटलं. म्हणाली, त्यांच्या हाताला काम राहू दे. नुसतं बसून त्यांना बघवणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताटीवरून नेलं. सुतार स्वतः आला होता. ताटी मापात होती. खणणाऱ्या माणसाने विचारलं, चादर तुम्ही नीट करता का? पायाकडे सुटली होती. मी केली. पाय फार लहान होते. एकेचाळीस वर्षांत हे माझ्या लक्षात आलेलं नव्हतं.

माती मुलीने लोटली. मीही. अवजारं पुरेशी होती.

९ एप्रिल
दुपारी एका बाईंचा फोन. पत्रक कुठेतरी खिडकीला चिकटवलेलं वाचलं म्हणाल्या. त्यांचे वडील आजारी आहेत, त्यांनाही असंच हवंय. त्यांच्या इमारतीत आणखी अकराजणांना माहिती हवी आहे, खोली आहे, चहा आहे, तुम्ही येऊन बोलाल का?

अकराजण. मी नोंदवून घेतलं. काय बोलायचं तेही सुचायला लागलं: जागा, निचरा, ताटी.

बाई म्हणाल्या, आपण समितीचे कोण? अध्यक्ष का?

म्हटलं, नाही. दफनभूमीत भिंतीकडच्या कोपऱ्यात जिला ठेवलंय ना, तिचा नवरा.

त्या मग हळूच म्हणाल्या, शेवटी कशा होत्या हो त्या? वडिलांसाठी विचारते. त्रास झाला का?

मला माहीत नव्हतं. फोन मुलीकडे दिला.