नानांच्या उशाजवळचा फोन

मस्कत, १२ जानेवारी २००८

प्रिय आई, लांबूनच पाया पडतो.

मी बरा आहे. नाशिकला थंडी फार असेल. तुझे गुडघे कसे आहेत?

आपलं ब्रॉडबँड सारखं का तुटायचं, ते काल कळलं. मी मोबाइलवर सांगितलं तसा सुवर्णाने नानांच्या उशाजवळचा फोन काढला, आणि नेट तासभर टिकलं. फोन आणि नेट एकाच तारेवर असतात, आणि दोन्ही वेगळं ठेवणारी फिल्टरची डबी त्या फोनला नव्हती. म्हणून घंटी वाजली की नेट जायचं.

नाना गेले त्या सकाळीही चौकशीचे फोन येत होते. कॉम्प्युटरच्या कॅमेऱ्यातून त्यांनी मला विचारलं, "जेवलास का रे?" आणि चित्र तिथेच थांबलं.

नेट तीच जोडून देत होती म्हणून सुवर्णाला बोल लावू नकोस. दिवाळीत आलो तेव्हा फिल्टर लावायला मीच विसरलो.

मी "हो, नाना" म्हणालो होतो. त्यांना ऐकू गेलं का गं?

तुझा,
अश्विन