कोल्ह्याला चालते, डुकराला नाही

बाबा, दोन आठवड्यांपूर्वी शनिवारी जंगलवाले आमच्या दुकानात आले होते. आपण ज्या जंगलात शिकारीला जायचो, त्याचा शिकारीचा ठेका अजून त्यांच्याकडेच आहे. आईने पहिल्या भेटीनंतर त्यांना ‘जंगलवाले’ म्हटलं आणि घरात तेच नाव राहिलं. आता ते काठी घेऊन चालतात. बरोबर नात होती, नुकतीच शिकारीची परीक्षा पास झालेली. तुम्हाला जाऊन आठ वर्षं होतील, त्यामुळे ‘आमचं दुकान’ म्हणजे काय हे तुम्हाला माहीत नाही. कायझर्सलाउटर्नमध्येच शिकारीच्या सामानाचं दुकान आहे, तिथे मी काउंटरवर उभा असतो. बूट, दुर्बिणी, काडतुसं, रायफली. रायफली मी विकतो, दुरुस्त करत नाही. दुरुस्तीसाठी मागच्या खोलीत माझ्याच वयाचा एक जण बसतो. जे शिक्षण मी घेणार होतो, ते त्याने घेतलेलं आहे. तो चांगला मुलगा आहे. त्याच्या खोलीचं दार उघडं असलं की मी शक्यतो पाठ करून उभा राहतो.

दुकानात रोज कुणीतरी तोच प्रश्न विचारतं जो आपण दोघांनी विचारला होता: कोल्ह्यापासून रानडुकरापर्यंत सगळ्याला चालेल अशी एकच रायफल कुठली घेऊ? मी आधी उलट विचारतो, की जास्त वेळा काय मारणार, किती अंतरावरून, आणि खांदा कसा आहे. लोक पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं खरी देतात. मग मी सांगतो की लहान जनावराला मोठी गोळी लागली तर कातडं फाटतं, मांस वाया जातं. मोठ्याला लहान लागली तर ते मरत नाही, पळतं, आणि कुठेतरी झुडपात पडून राहतं. पहिल्या चुकीचा त्रास माणसाला होतो, दुसरीचा जनावराला. म्हणून दोन्ही करायचं असेल तर मोठ्या जनावराकडे बघून निवडायचं आणि लहानाचं थोडं नुकसान सोसायचं. कायदाही तसाच आहे. रेह म्हणतात त्या छोट्या हरणाला शंभर मीटरवर हजार ज्यूल पुरतात. रानडुकराला दोन हजार लागतात, आणि शिवाय गोळीचा व्यास निदान साडेसहा मिलीमीटर. दोन्ही अटी पाळायच्या. हे मी दिवसातून चार-पाच वेळा बोलतो आणि दर वेळी मला आपला तक्ता आठवतो.

तो तक्ता मी लिहिला होता, कारण माझं अक्षर तुमच्यापेक्षा चांगलं. आई ओट्याशी पोळ्या लाटत होती आणि आपण टेबलावर पीठ उडू नये म्हणून कागद भिंतीकडे सरकवला होता. डावीकडे कोल्हा, रेह, डुक्कर, लाल हरीण. वर काडतुसांची नावं. प्रत्येक चौकटीत दहापैकी गुण. थ्री-ओ-एट पहिली आली. तुम्ही खूश झालात, म्हणालात, “बघ, शिकारीलासुद्धा इंजिनिअर लागतो.” दुसऱ्या दिवशी रेंजवर दुसऱ्या कुणाची तरी थ्री-ओ-एट घेऊन तुम्ही पाच गोळ्या झाडल्यात. पाचव्या गोळीला तुम्ही ट्रिगर ओढायच्या आधीच डोळे मिटलेत, ते मी बघितलं. घरी आईने तुमच्या खांद्याला मलम लावलं तेव्हा मी दारात होतो. खांदा जांभळा झाला होता. त्याच आठवड्यात तुम्ही तक्त्यात ‘धक्का’ नावाचा एक रकाना वाढवलात, त्याला दुप्पट गुण ठेवलेत, आणि टू-फोर्टी-थ्री पहिली आली. ती हलकी, खांद्याला लागत नाही. पण तिची गोळी सहा पूर्णांक दोन मिलीमीटरची. मी म्हटलं, “बाबा, डुकराला साडेसहा लागते.” तुम्ही म्हणालात, “अरे, ज्यूल भरतात ना? मग तीन दशांशाने काय आभाळ कोसळतं?” कंपनीत तुम्ही तीन शतांशासाठी अख्खी बॅच परत पाठवायचात. हे मी तेव्हा मनात म्हटलं. आज लिहितो.

आपण तीच विकत घेतली. जंगलवाल्यांनी ती रायफल हातात घेऊन, उघडून, बंद करून बघितली आणि आपल्या दोघांकडे आळीपाळीने पाहत म्हणाले, “रेहला उत्तम. कोल्ह्याला चालते. डुकराला नाही. समजलं?” तुम्ही म्हणालात, “गेनाऊ, गेनाऊ,” अगदी बरोबर. मला वाटलं, विषय संपला.

चांगले दिवस खोटे नव्हते, हेही लिहायला हवं. पहिलं रेह घरी आलं तेव्हा आईने त्याचा कांदा-खोबऱ्याचं वाटण घालून मटणासारखा रस्सा केला आणि जंगलवाल्यांना जेवायला बोलावलं. ते नाक पुसत दोनदा वाढून घेत होते. आई म्हणाली, “अहो, त्यांना दही द्या, माणूस रडायला लागलाय.” त्याच जेवणात त्यांनी विचारलं की मुलगा पुढे काय करणार. मी नऊ वर्षांचा असताना इथे जर्मनीत आलो, भाषेपायी दोन वर्षं मागे पडलो आणि अठराव्या वर्षी दहावी कशीबशी झालो. आईला मी पुढे शिकायला हवं होतं. तुम्ही एकटे माझ्या बाजूने बोललात: “त्याचा हात बघा. अर्ध्या मिलीमीटरचा स्क्रू तो न बघता बसवतो.” जंगलवाल्यांचा एक मित्र बंदुका दुरुस्त करणारा होता. त्यांच्या शब्दावर त्याने मला ऑगस्टपासून शिकाऊ म्हणून घ्यायचं कबूल केलं. मी शाळा सोडली. त्या वसंतात मी जितका सुखी होतो तितका नंतर झालो नाही.

मग मे महिन्यातली ती संध्याकाळ. आपण दोघं मचाणावर बसलोय, मक्याचं नुकतं पेरलेलं शेत समोर, उजेड अजून चांगला आहे. रायफल एकच, आणि आज पाळी माझी, म्हणून ती माझ्या मांडीवर आहे. आपण रेहची वाट बघतोय. झाडीतून एक डुक्कर येतं, एकटं, वर्षा-दीड वर्षाचं, आणि बियाणं उकरायला लागतं. तुम्ही माझ्या मनगटावर हात ठेवता. मला वाटतं, थांब म्हणताय. पण तुम्ही रायफल घेता. मी कुजबुजतो, “बाबा, हिच्याने डुक्कर नाही.” तुम्ही म्हणता, “गप्प. ऐंशी मीटर आहे फक्त.” गोळी सुटते. डुक्कर मागच्या पायांवर बसतं, उठतं, आणि झाडीत शिरतं. आपण खाली उतरून बघतो तर थोडं रक्त आणि हाडाची एक कपची, माझ्या नखाएवढी. तुम्ही ती उचलत नाही. फोन खिशातून काढता, परत ठेवता, आणि मग म्हणता, “हे बघ, जंगलवाले येतील. तू म्हण, तू झाडलीस. तू नवा आहेस, ओरडतील आणि सोडून देतील. त्यांनी दिलेलं माझं परमिट जाईल रे.” तुम्ही फोन लावता आणि माझ्यासमोरच जर्मनमध्ये सांगता, की माझ्या मुलाकडून एक चूक झाली.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर जखमी जनावर शोधणारा माणूस कुत्री घेऊन आला. तीन तास लागले. डुक्कर काटेरी झुडपात होतं, जिवंत. कुत्री आत गेली आणि तिची किंकाळी आधी ऐकू आली, मग त्या माणसाची गोळी. कुत्रीची कूस फाटली होती. ती जगली, पण परत कामाला आली नाही. जंगलवाल्यांनी मला विचारलं, “मी काय सांगितलं होतं?” मी पाठ केल्यासारखं म्हटलं, “रेहला उत्तम, कोल्ह्याला चालते, डुकराला नाही.” ते म्हणाले, “म्हणजे माहीत होतं.” तुम्ही माझ्या पाठीवर हात ठेवून उभे होतात. लोकांना ते बापाने धीर दिल्यासारखं दिसलं असेल. मला तुमचा तळहात जाणवत होता, आणि मी एवढाच विचार करत होतो की चारचौघांत बापाला खोटं पाडायचं नसतं. हे आजोबांनी तुम्हाला शिकवलं, तुम्ही मला. त्या संध्याकाळी जंगलवाल्यांच्या त्या बंदूकवाल्या मित्राकडून निरोप आला की ऑगस्टमध्ये येऊ नकोस. काडतुसाचा नियम माहीत असून मोडणारा मुलगा त्याला वर्कशॉपमध्ये नको होता.

तुम्ही माझ्यासाठी दुर्बीण आणलीत, चांगल्यातली, आणि काही न बोलता माझ्या उशाशी ठेवलीत. मी वाट बघितली. जेवताना, गाडीत, आई बाहेर गेली की. दोन वर्षं तुम्ही दर आठवड्याला त्या जंगलात जात राहिलात आणि आल्यावर मला सांगायचात, आज काय दिसलं. मी ऐकायचो. मग कंपनीच्या पार्किंगमध्ये तुमचं हृदय थांबलं. जंगलवाले हिरवा कोट घालून आले, शिकाऱ्यांच्या रिवाजाप्रमाणे तुमच्या शवपेटीवर फर झाडाची डहाळी ठेवली आणि आईचा हात धरून म्हणाले, “सरळ माणूस होता.” मी आईला त्याचं मराठी करून सांगितलं.

तर त्या शनिवारी. नात म्हणाली, तिला कोल्हा, रेह आणि डुक्कर सगळं करायचंय, आणि हलकी म्हणून मामा टू-फोर्टी-थ्री घे म्हणतो. मी म्हटलं, “ती घेऊ नका. साडेसहाची घ्या, धक्का थोडाच जास्त आहे, बंदूक नीट बसवून घेतली की जाणवणार नाही.” जंगलवाले इतका वेळ दुर्बिणी बघत होते. ते वळले. “तू शिकलास म्हणजे,” ते म्हणाले. मग विचारलं, “लायसन आहे अजून?” मी म्हटलं, दर वेळी नवं करून घेतो. जायला जंगल नाही, तरी. ते म्हणाले, रविवारी कॉफीला ये.

त्यांच्या स्वयंपाकघरात टेबलावर त्यांच्या जंगलात शिकार करायच्या परमिटचा कागद माझ्या नावाने भरून ठेवलेला होता, फक्त सही राहिली होती. ते म्हणाले, “माझे गुडघे गेलेत. पोरगी नवी आहे, तिच्याबरोबर कुणीतरी हवं. पण आधी एकदा माझ्या तोंडावर सांग. माहीत असून का झाडलीस?” मी हे वाक्य दहा वर्षं तयार ठेवलं होतं, त्यातलं प्रत्येक क्रियापद जागेवर होतं. मी म्हटलं, “मी नाही झाडली. बाबांनी माझ्या हातातून रायफल घेतली.”

त्यांनी कप खाली ठेवला. म्हणाले, “दहा वर्षं गप्प होतास. आता त्याची राख झाली तेव्हा बोलतोस?” मी म्हटलं, तेव्हा बोलता आलं नाही. ते म्हणाले, “तुझा बाप इथे बसला होता, ह्याच खुर्चीवर. रडला होता. म्हणाला, पोराला एवढी मोठी शिक्षा नको, मीच शिकवण्यात कमी पडलो. आणि तू त्याच्यावर ढकलतोस.”

हे मला माहीत नव्हतं, बाबा. तुम्ही तिथवर गेलात, माझ्यासाठी रडलात, आणि तरी ‘गोळी मी झाडली’ हे एक वाक्य बोलला नाहीत. त्या वेळी माझ्या मदतीला ते वाक्यच आलं असतं, रडणं नाही. उलट तुम्ही इतकं चांगलं रडलात की आता माझं खरं कुणालाच खरं वाटणार नाही. पुरावा काहीच नाही. ती हाडाची कपचीसुद्धा आपण तिथेच टाकून आलो.

त्यांनी कागद स्वतःकडे ओढून घेतला. “मेलेल्याच्या नावावर चूक लिहिणारा माणूस मला जंगलात नको,” ते म्हणाले. बाहेर नात कुणाशी तरी हसत फोनवर बोलत होती. मी म्हटलं, “तुमचं बरोबर आहे. मीच झाडली. घाई केली. तुमच्यासमोर लाज वाटली, म्हणून तसं बोललो.” आवाज अजिबात हलला नाही. ते म्हणाले, “आल्झो, म्हणजे बोललास एकदाचा,” आणि पेन शोधायला लागले.

मंगळवारी संध्याकाळी पहिल्यांदा जायचंय. आईला फोन करून सांगितलं की परमिट मिळालं. ती रडली आणि म्हणाली, बाबांचाच आशीर्वाद. मी हो म्हटलं. ह्या पत्राला पत्ता नाही, त्यामुळे ते ह्या वहीतच राहील. सवयीने दोनदा वाचून तपासलंय, आणि एक गोष्ट लिहायची राहून गेली आहे असं लक्षात आलं. ते सही करत होते तेव्हा मला तुमचा राग येत नव्हता. तुम्ही आठवतसुद्धा नव्हतात. पेन मध्येच थांबू नये, एवढंच वाटत होतं.