डाव्या चाकाची तक्रार

मंगळवार, १२ ऑगस्ट १९९७, बंगळूर

आज माझ्याच रोबोटपुढे हरले, तरी खूश आहे. आठवडाभर आमचा रोबोट खडीवर हातभर जाऊन थांबायचा आणि कळवायचा, डावं चाक बिघडलंय. चाक तर छान फिरत होतं! चूक माझ्या प्रोग्रॅमचीच समजून बिघाड ओळखणारा भाग आज पुसणारच होते. तेवढ्यात वर्कशॉपमधले फिटर अण्णा त्यांच्या बंगळुरी मराठीत म्हणाले, "स्वल्प थांबा अक्का, चाक उघडून तरी बघू."

आत चाकाचे फेरे मोजणाऱ्या सेन्सरची तार ढिली! खडीवर धक्का बसला की सुटायची. म्हणजे डाव्या चाकाबद्दल रोबोट खरं तेच सांगत होता. मीच शिकवलेलं, मग माझाच विश्वास का नव्हता?

अण्णांनी तार जोडली. रोबोट खडी ओलांडून सरळ बागेत घुसला, आणि आम्ही दोघं हसत त्याच्यामागे धावलो.